जंतूंची सासू

बस गं, बस, ती जागा कुणाची नाही — म्हणजे माझ्या लेकीची होती, पण ती आत गेलीये. मी? मी ही अशी बाहेर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आई, तुम्ही जरा बाहेर बसता का. बसता का म्हणजे काय, उठाच की. मी लेकीकडे बघितलं, म्हटलं ही म्हणेल, नको, आई असू दे. तर ती खाली बघत म्हणाली, बस ना आई बाहेर. पंधरा वर्षांची पोर. ताप आला की अजून माझ्या अंगावर पाय टाकून झोपते, आणि आज मला म्हणते बाहेर बस. आले बाहेर. त्या नर्सनं दार पण असं लोटलं की फट म्हणून ठेवली नाही. कान लावून बघितला मी, खोटं कशाला बोलू — काही ऐकू येत नाही, वरून हा पंखा आपला खडखड खडखड.

तू एकटीच आलीस? आई नाही आली? बरं बरं, नको सांगू, मी कोण विचारणारी. पण बसताना तू अशी हळूच, एका बाजूला कलून बसलीस ना, तेव्हाच ओळखलं मी. माझी लेक पण गेले कितीतरी महिने अशीच बसते. आग होते ना तिथं? खाज? लाजू नकोस, मी हॉस्पिटलातलीच बाई आहे. या नव्हे, दुसऱ्या, दोन बस बदलून यावं लागतं इथं. तिथं नेलं असतं तिला तर लिफ्टवाल्यापासून सगळ्यांना दुपारपर्यंत कळलं असतं, आणि मग कुणी समोर काही बोलत नाही गं, नुसतं बघतात. ह्यांना पण घरी पोटदुखी म्हणून सांगितलंय. बापाला काय सांगायचं असलं?

मी ऑपरेशन थिएटरची बाई. ऑपरेशन मी करत नाही, हसू नकोस, पण माझ्याशिवाय करून दाखवावं कुणी. ऑपरेशन झालं की ती सगळी हत्यारं, कात्र्या, चिमटे, रक्तानं माखलेली, मागच्या खोलीत माझ्याकडे येतात. मोठं स्टीलचं सिंक आहे, त्यात भिजवायची, मग ब्रश घेऊन एकेका कात्रीचा सांधा उघडून घासायचा — कारण घाण सांध्यात बसते, वरून चकाचक दिसतं आणि सांध्यात जंतूंचं गाव वसलेलं असतं. मग कापडात बांधायचं, वरून एक पट्टी चिकटवायची आणि वाफेच्या मशीनमध्ये ढकलायचं. पट्टीवरच्या रेघा काळ्या झाल्या की समजायचं, आत जिवंत काही उरलं नाही. आमचे मोठे सर्जन नव्या डॉक्टरांना माझी ओळख करून देतात ना, तेव्हा सांगतात, ही आमची जंतूंची सासू, हिच्या घरात जंतू नांदत नाही. आणि खरंच नाही नांदत. घरी पण तेच माझं — फरशी, कपाटाच्या कड्या, नळाच्या तोट्या, सगळं औषधाच्या पाण्यानं. आमचे हे म्हणतात, मला पण एकदा त्या मशीनमधून काढ, म्हणजे तू सुटलीस.

तर सांगत काय होते — लेकीचं. तिला पाळी सुरू झाली तेव्हाच मी ठरवलं होतं, आपल्या आईनं आपल्याला काही सांगितलं नाही, तसं हिचं होऊ द्यायचं नाही. माझ्या आईनं काय सांगितलं मला? कोपऱ्यात बस आणि बोलू नकोस, एवढंच. मी लेकीला सगळं नीट शिकवलं. सर्जन लोक हात धुतात ना ऑपरेशनच्या आधी, ते औषध — मोठ्या कॅनमध्ये येतं आमच्याकडे, तळाशी उरतं ते टाकूनच देतात, ते मी छोट्या बाटल्या उकळून त्यात भरून आणते. चोरी नाही हं, सिस्टरना विचारून. पाण्यात एक टोपण टाकायचं आणि आतून-बाहेरून स्वच्छ धुवायचं. हो, आतून सुद्धा. सांधे उघडून घासणारी बाई मी, वरवरचं मला चालतच नाही. पहिल्यांदा ती म्हणाली, आई, झोंबतं. मी म्हटलं, झोंबणारच, औषध आहे ते, सरबत नाही.

मग सुरू झाला हा त्रास. खाज, आग, अंगावरून पांढरं जायचं, फाटलेल्या दुधासारखं. मला आधी कळलंच नाही. ती सांगेल तर ना! कपडे धुताना दिसलं मला. म्हटलं, बघ, एवढी काळजी घेऊन ही गत, तर न घेणाऱ्यांचं काय होत असेल. मग एका टोपणाची दोन केली. सकाळी एकदा, शाळेतून आल्यावर एकदा. आतले कपडे पण त्याच पाण्यात, आणि ते बाहेर दोरीवर नाही घालायचे, येणारे-जाणारे बघतात — न्हाणीच्या दारामागं खुंटीवर, वरून टॉवेल. ओलसर राहायचे कधीकधी, तर तसेच घालून जायची, करणार काय, सकाळची घाई. केमिस्टकडे गेले, म्हटलं मैत्रिणीच्या मुलीला असंअसं होतंय. त्यानं माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही, चांगल्या कडक गोळ्या काढून दिल्या. दोन दिवस बरं वाटलं आणि मग दुप्पट. दुप्पट म्हणजे, रात्री उठून बसायची पोर उशी घेऊन. मग मी पण दुप्पट केलं.

आणि शाळा! शाळेत ही दिवसभर पाणी पीत नाही. का, तर तिथल्या संडासाला कडी नाही. एकीनं आत जायचं, एकीनं बाहेर दार धरायचं. आता दार धरणारी दर वेळी कुठून आणायची? तर ती जातच नाही, धरून ठेवते. मी बाईंना जाऊन भेटले, बाई म्हणाल्या, वर कळवलंय. वर म्हणजे कुठं, देवाला? एक कडी हो. मी म्हटलं मी आणून बसवते, तर म्हणाल्या, तसं चालत नाही. हात टेकले मी. एकटी बाई किती ठिकाणी पुरणार — नोकरी करायची, घर करायचं, का शाळेच्या संडासाचं दार धरून उभं राहायचं?

एक दिवस काय झालं, ती न्हाणीतून बाहेर आली, केस ओले, चेहरा पांढरा पडलेला, आणि मला म्हणाली, "आई, मी घाणेरडी आहे का गं?" मी म्हटलं, असं कोण म्हणालं तुला? वर्गातल्या कुणी? ती म्हणाली, कुणी नाही. मी जवळ घेतलं तिला, म्हटलं, वेडे, घाणेरडी कशी असशील तू, माझी लेक ना तू. घाणेरडी होऊ नयेस म्हणून तर धू म्हणते. त्यावर ती केस पुसत आत निघून गेली. तेव्हापासून फारसं बोलतच नाही.

काय विचारलंस? आत काय म्हणाल्या? अगं, चांगल्या वाटल्या आधी. कधीपासून त्रास, पाळी वेळेवर येते का, साखर कधी तपासलीये का, कसल्या गोळ्या घेतल्या — मी सगळं पटापट सांगितलं, लेकीला तोंड उघडायला सुद्धा लावलं नाही. मग विचारलं, धुता कशानं? म्हटलं, आता आला माझा विषय. पर्समधून बाटली काढली आणि ठेवली टेबलावर, ऐटीत. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, आतून सुद्धा? मी म्हटलं, आतून सुद्धा. त्यांनी झाकण घट्ट लावलं. मग म्हणाल्या, योनीत काही जंतू असावेच लागतात. योनी — असं सरळ, मेथीची जुडी मागावी तसं! मी लेकीकडे बघितलं, तर ती मान वर करून ऐकत होती. पहिल्यांदाच मान वर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते तिथले राखणदार असतात, ते मेले की बाकीच्यांना रान मोकळं. म्हणाल्या, या वयात कितीतरी मुलींना होतं हे, त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण मुली सांगत नाहीत आणि घरात भलतेच उपाय होतात.

घ्या! जन्म गेला माझा जंतू मारण्यात आणि आता म्हणे जंतूच राखण करतात. सर्जनना जाऊन सांगते, म्हटलं, राखणदार ठेवा थोडे कात्रीवर. तोंडावर नाही बोलले काही, शिकलेली बाई आहे, मोठी पाटी आहे बाहेर. पण भलते उपाय म्हणजे कुणाचे, सांग ना? मी काय अंगारा लावला का पोरीला? अख्खं हॉस्पिटल ज्या औषधावर चालतं ते औषध आणि ते म्हणे भलतं. बाटली ठेवूनच घेतली त्यांनी, ड्रॉवरमध्ये टाकली, परत दिलीच नाही. असू दे. माझ्याकडे दुसरी आहे, मी नेहमी एक जास्तीची ठेवते. थांब — ही बघ. घे तू ही. घे गं, लाजतेस काय, आमच्या इमारतीतल्या सगळ्या मुलींना मीच देते, शेजारच्या दोघींना, वरच्या शिंपिणीच्या मुलीला, हक्कानं मागायला येतात. ठेव पर्समध्ये. एक टोपण पाण्यात. फारच त्रास असेल तर दोन.

आता तुला वाटेल, मग ही बाई इथं आली कशाला, औषध घरात असताना. आले त्याचं कारण वेगळंच आहे. कुणाला सांगितलं नाही अजून, तू परकी आहेस म्हणून सांगते — परक्याला बरं असतं सांगायला. मला खात्री करून घ्यायची होती. कसली म्हणजे? अगं, एवढं धुऊन, एवढं जपून जर हे परत परत होतंय, तर ते आतून कुठून येणार? बाहेरूनच कुणीतरी देत असणार ना. कळलं का मी काय म्हणते ते? हो. तेच. आमच्या थिएटरमध्ये पण असंच असतं — सगळं निर्जंतुक असताना पेशंटच्या जखमेत पू झाला की आम्ही शोधतो, कोण आत आलं होतं. कुणीतरी आलेलं असतंच.

तर मी शोधलं. आधी मोबाइल काढून घेतला तिचा. त्यात काही नव्हतं, मांजरांचे फोटो आणि मैत्रिणींचं चिवचिव. म्हटलं, पुसून टाकलं असेल, हल्लीची पोरं. मग दप्तर. मग एकदा अर्धी सुट्टी टाकून शाळा सुटताना कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानामागं उभी राहिले, डोळ्यात तेल घालून. ती बाहेर आली, एकटीच, हळूहळू चालत, मध्येच भिंतीला धरून थांबली. वाटलं पळत जावं आणि उचलून घ्यावं. पण गेले नाही, म्हटलं, कोण येतंय ते बघू या. कुणी आलं नाही. मग ती न्हाणीत फार वेळ लावायला लागली, तर मी न्हाणीची कडी काढून टाकली. हो, स्क्रू काढून. म्हटलं, लपवाछपवी नको घरात. आणि शेवटी विचारलंच — कोण आहे तो? ती नुसती बघत राहिली माझ्याकडे. परत विचारलं, तरी नुसती बघत राहिली, आणि — लागला माझा हात. गालावर. फार नाही. नाही गं, फार जोरात नाही. ती रडली पण नाही. तेच तर वाईट झालं.

आता आत डॉक्टरीणबाई तिला तेच विचारत असतील. म्हणून तर मला बाहेर काढलं. त्यांना तरी सांगेल का? आणि सांगितलं तर त्या मला सांगतील का? म्हणे मुलीनं सांगितलेलं तिच्या परवानगीशिवाय सांगत नाही आम्ही. जन्म मी दिला आणि परवानगी तिची. काय करायचं आईनं मग? दाराकडे बघत बसायचं. बसलेय.

तुला वाटतंय मी उगाच संशय घेते? तसं बघू नकोस माझ्याकडे. पुरावा आहे माझ्याजवळ. ऐक. सुट्टीत तिला माझ्या बहिणीकडे पाठवलं होतं, तिच्या मावशीकडे. माझी बहीण म्हणजे गबाळी नंबर एक. तिची न्हाणी बघशील तर पाय ठेवणार नाहीस, बादलीला शेवाळ, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं, आणि ते जाळं काढायचं तर म्हणते, राहू दे, डास खातो तो. जंतूंचं माहेरघर. म्हटलं, आता मात्र पोर आजारी पडूनच येते. तर कसली! बरी होऊन आली. अगदी बरी. गाल भरलेले, हसत होती, मावसभावंडांच्या सायकलवर बसून गावभर हिंडली होती. सायकलवर, आहेस कुठं? इथं तिला खुर्चीवर बसवेना. मी विचारलं, खाज? म्हणाली, नाही. आग? नाही गं आई, तिथं गेल्यावर चार-पाच दिवसांत थांबलं सगळं. आणि इथं परत आली, आठवडा झाला नाही तोच जैसे थे. आता बोल. तिथं बरी, इथं आजारी. म्हणजे जे काही आहे ते इथंच आहे की नाही? इथं असं कुणीतरी आहे, जे तिथं नव्हतं. मी डॉक्टरीणबाईंना पण सांगितलं हे, म्हटलं, तुम्हीच समजा काय ते. त्या फक्त म्हणाल्या, तिथं ती कशानं धुवत होती?

कशानं म्हणजे — साध्या पाण्यानं. बाटली इथंच विसरली होती ती. मला कपाटात दिसली तेव्हा जीव नुसता वरखाली झाला माझा, बहिणीला फोन केला, म्हटलं, पार्सलनं पाठवते. ती म्हणाली, राहू दे गं ताई, साध्या पाण्यानं कुणी मरत नाही. कपडे पण तिथं गच्चीवर, उन्हात, सगळ्यांच्या देखत दोरीवर, माझ्या बहिणीला कसली लाज. न्हाणीला कडी होती. तेवढी एकच वस्तू धड होती त्या न्हाणीत. आणि मी काय म्हटलं बहिणीला, की चुकलंच माझं, बाटली तिच्या हातात द्यायला हवी होती, आता आल्या आल्या आधी सगळं साफ करून घेते. आणि ती आली तर दारातच, चप्पल सुद्धा काढली नव्हती तिनं, मी म्हटलं, जा, आधी जा, तिकडचं काय काय घेऊन आली असशील, पाणी काढून ठेवलंय मी, तीन टोपणं घातलीयेत —

काही नाही. काही नाही गं. थांब जरा.

तीन टोपणं. तिथं बरी होती ती. हसत होती. मी घातली तीन टोपणं.

साप साप म्हणून भुई धोपटत होते मी. कोण आहे तो, कोण आहे तो — भिंतीला धरून उभी होती पोर आणि मी दुकानामागून बघत होते, कोण येतंय. तुझ्या आधीच लक्षात आलं ना? कधी आलं? मग बोलली का नाहीस? नाही, तू तरी कसं बोलणार, मी बोलू दिलं तर ना. तिला तरी कुठं बोलू दिलं. झोंबतं म्हणाली होती ती. पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

ती बाटली दे. तुझ्या पर्समधली, मघाशी दिलेली. दे इकडे. अगं दे, परत दे म्हणते ना. एकदा पण वापरायची नाही, शपथ आहे माझी. आणि वरच्या शिंपिणीची मुलगी... शेजारच्या दोघी... परवाच भरून दिल्यात मी. देवा रे. त्यांच्या आयांना काय सांगू, कुठल्या तोंडानं दार वाजवू त्यांचं?

सांग ना, ती आता बाहेर येईल, तिला काय म्हणू? तू तिच्यापेक्षा थोडीच मोठी आहेस. तुझी आई तुला काय म्हणाली म्हणजे तुला चालेल? का तू पण म्हणूनच एकटी आलीस? नको, नको सांगू. कडी बसवते मी आज. घरी गेल्या गेल्या आधी कडी बसवते, स्क्रू ठेवलेत मी डब्यात. कडी बसवली म्हणजे — नाही, कडीनं काय होणार आहे आता.

उघडलं दार. ती बघ, आली. नाक पुसतेय ती. बघत नाहीये इकडे. ते पिंप दिसलं तिला पाण्याचं — बघ, पाणी पितेय. सगळा पेला प्यायली. अजून एक घेतला. बाहेर कुठं कधी पाणी पीत नाही गं ती.

तुला हाक मारली बघ नर्सनं, ऊठ. जा. लेकी, इकडे ये, बस — अगं, ही? ही बाटली होय? नाही बाळा, ही तुझ्यासाठी नाही, ही मी — अशी मागं सरकू नकोस गं. टाकते मी ही, आत्ता टाकते, हे बघ —

तू जा गं, थांबू नकोस. जाताजाता तिला एवढं सांगशील का, की आई... नको. काही सांगू नकोस. जा तू. आत गेलीस की दार लावून घे.